नानांचा कोश आणि माझा प्रचार

आमचे नानाकाका सरपंच झाले ते माझ्यामुळे. त्याबद्दल मी त्यांची तीनदा माफी मागितली आहे.

नाना नंदुरबारच्या कॉलेजात संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. तीस वर्षं एकच ध्यास : अहिराणी शब्दांची संस्कृत मुळं शोधून कोश करायचा. एका चिठ्ठीवर एक शब्द, मागची बाजू कोरी. कपाटभर गठ्ठे! इकडे गावात दोन गटांची जुंपलेली. कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस म्हणून मी नानांचं नाव पुढे केलं.

"अरे, मन्हा कोश व्हऊ दे पहिले," नाना म्हणाले.

"कोश काय पळी जाई ऱ्हायना का, नाना?" (पळाला!)

प्रचारप्रमुख मी. (कुणी नेमलं नव्हतं.) मतदानाच्या आदल्या दिवशी छापखान्याचं मशीन बिघडलं आणि मतदारांना वाटायच्या चिठ्ठ्या आल्याच नाहीत. घरोघर नाव-क्रमांक लिहून द्यायचा कशावर? मला एकदम कपाट आठवलं. एकसारखे कापलेले कागद, एक बाजू कोरी! नाना लोकांना भेटायला गेलेले, काकू देवळात. मी दिवसभर बसून अख्ख्या गावाची नावं लिहिली, वाटून टाकली. स्वतःच्या हुशारीवर असा काही खूष होतो म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी शाळेबाहेर शेजारच्या जिजाआक्कांनी नानांपुढे चिठ्ठी धरली. "मन्हा नंबर देखा ना."

नानांनी नंबर सांगितला, सहज चिठ्ठी उलटली. स्वतःचंच अक्षर!

"आक्का, हाई कोठेन आनी?"

"तुम्हना पुतन्यानी दिधी!"

नानांनी नंबर आक्कांच्या तळहातावर लिहिला, चिठ्ठी स्वतःच्या खिशात घातली आणि माझ्याकडे पाहिलं. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं.

नाना भरघोस मतांनी निवडून आले. तोवर चिठ्ठ्या गटारीत पडल्या होत्या, कुणी त्यात तंबाखू बांधली होती. मिरवणुकीत मी गुलाल उधळतोय आणि विजयी उमेदवार वाकून कागद वेचतोय! गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो : 'नव्या सरपंचांची स्वच्छता मोहीम'. खाली अंगठेच अंगठे. (एक माझाही.)

मग नाना घरोघर फिरले. "चिठ्ठी शे का?"

"चिठ्ठी ऱ्हाऊ द्या नाना, नळले पानी कधी येई?"

झालं, नाना पाण्याच्या मागे लागले. पाच वर्षं. पाणी आलं, चिठ्ठ्या मात्र मूठभरच परत आल्या. गावाचं भलं झालं म्हणतात सगळे. मला मात्र त्या रिकाम्या कपाटाकडे बघवत नाही. फार वाईट वाटतं.

परवा नाना नव्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. शब्द चटकन आठवत नाहीत. मला जवळ बोलावून म्हणाले, "तुन्हा हातखाले एकेक चिठ्ठी गयी ना रे? एखादा शब्द याद शे का?"

मी डोळे मिटले, डोक्याला खूप ताण दिला. सगळ्या चिठ्ठ्या दिसल्या, पण फक्त माझ्या बाजूने.

"शब्द नई, नाना," मी म्हणालो, "पण काकूना मतदार क्रमांक दोनशे सत्तेचाळीस!"