सगळ्यात कठीण सेटिंग

“आ रमशे तो हुं नथी रमवानो! ही खेळणार असेल तर मी नाही खेळणार, धनराजभाऊ, सांगून ठेवतो!”

कल्पेश एवढ्या जोरात ओरडला की तिकडे डिंडोलीत कुणाच्या तरी चुलीवरचं दूध नासलं असणार. मी तेव्हा मशीनच्या पोटात कमरेपर्यंत शिरलो होतो. बाहेर नुसते पाय. अशा वेळी मेकॅनिकने बाहेर येऊ नये, हा माझा अनुभव. भांडण संपतं किंवा पोलीस येतात, दोन्हीत पाय कुणी ओळखत नाही.

नव्वदच्या दशकातलं सुरतचं उधना. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, दोन शेडच्या मधोमध एक गाळा, त्यात धनराजभाऊंचं व्हिडिओ गेम पार्लर. धनराजभाऊ धुळ्याकडचे. पंधरा-वीस वर्षं लूम चालवून कान अर्धे गेले, तेव्हा त्यांनी हा धंदा टाकला. मशीन म्हणजे काय, तर कपाटाएवढी लाकडी पेटी. आत टीव्ही, टीव्हीमागे एक बोर्ड, पुढे काठी आणि दोन बटणं. रुपया टाका आणि मरा. मी ही मशिनं दुरुस्त करायचो. सुरतेत मी इतकी उघडली की शेवटी शेवटी स्क्रू मला नुसते बघून ढिले व्हायचे.

त्या संध्याकाळी पार्लरची पहिली स्पर्धा होती. विमानाचा गेम. कॉलेजची दहा-बारा पोरं, त्यांत कल्पेश, आणि मंगला.

मंगला तृतीयपंथी. गुजरातेत त्यांना मान देऊन मासी म्हणतात, म्हणून सगळं उधना तिला मासी म्हणायचं. पाठ वळली की पोरं काय म्हणायची ते इथे लिहीत नाही. कल्पेशच्या ओरडण्यावर ती धुळ्याकडच्या अहिराणीत एवढंच म्हणाली, “नको खेळू. मना नंबर शे, मी खेळस.”

पोरं पाय आपटत पानाच्या टपरीवर गेली. मंगला बाहेर बाकड्यावर बसली. धनराजभाऊंनी माझे पाय धरून मला मशीनबाहेर ओढलं.

“दिलीपभाऊ, मशीनचं काहीतरी करा.”

“काय झालंय त्याला?”

“काही झालं नाही, हेच तर. व्हायला पाहिजे.” कान गेलेला माणूस कुजबुजतो तेव्हा रस्त्यापर्यंत ऐकू येतं. मी त्यांना आणखी आत नेलं. “तिचा नंबर आला की मागून काठीची एक वायर काढा. विमान डावीकडे वळणारच नाही. हरेल आणि जाईल घरी.”

“त्यापेक्षा सरळ नाही म्हणा ना तिला.”

धनराजभाऊंनी कानाला हात लावले. “या दुकानाचा नारळ तिनेच फोडला. बायकोला दिवस गेलेत. आणि मी तिला नाही म्हणू? शाप लागला तर तुम्ही येणार का रिपेअरला?”

इथे एक गोष्ट सांगतो. या धंद्यात मी वायरीने थकलो नाही, माणसांनी थकलो. तोंडाने ‘नाही’ म्हणायची कुणाची तयारी नसते. मग ते मेकॅनिकला बोलावतात आणि स्क्रू-ड्रायव्हरकडून म्हणवून घेतात. खोटं वाटेल, पण एका बापाने मुलीचं प्रेमप्रकरण मोडायला मला घरचा फोन बिघडवायला बोलावलं होतं. फोन बिघडला. मुलगी तरीही गेली. रिपेअरला मीच गेलो.

“वायर नाही काढणार,” मी म्हणालो. “पोरांनी मागे डोकावून पाहिलं तर तुमचं पार्लर जाईल आणि माझे दात. पण मशीन सगळ्यात कठीण करून देतो.”

हे जरा समजावून सांगतो. बोर्डावर तांदळाच्या दाण्याएवढे पांढरे स्विच एका ओळीत असतात. त्याला डिप स्विच म्हणतात. ते खालीवर केले की गेम सोपा किंवा कठीण होतो. बाहेरून काही कळत नाही. पोरांनी खूश राहावं म्हणून धनराजभाऊंनी पहिल्या दिवसापासून सोप्यातलं सोपं सेटिंग ठेवायला लावलं होतं. कल्पेश उधन्याचा चॅम्पियन होता तो त्या स्विचच्या कृपेने. हे त्याला माहीत नव्हतं. मला होतं.

“कठीण केलं तर पोरंही मरतील,” धनराजभाऊ म्हणाले.

“ती पहिल्या फेरीत मरेल, पोरं दुसऱ्या फेरीत. मासी मासी आहे, भाऊ. तिला कुठे येतंय?”

धनराजभाऊंचा चेहरा उजळला. ते टपरीवर पळाले, कल्पेशच्या कानात काहीतरी ओतलं आणि पोरांना परत आणलं.

मी धनराजभाऊंना अर्धीच गोष्ट सांगितली होती. स्टेशनाजवळ आणखी एक पार्लर होतं. तिथला मालक कंजूष. तिथलं याच गेमचं मशीन मी त्याच्या सांगण्यावरून इतकं कठीण करून ठेवलं होतं की गिऱ्हाईक यायचंच बंद झालं. सकाळच्या वेळी तिथे चिटपाखरू नसायचं. एकटी मंगला असायची. कुणी बघायला नाही, कुणी हसायला नाही, म्हणून ती तिथे जायची. पुढे मालकाने ते बंद करून एसटीडी बूथ टाकलं आणि मंगला आमच्या पार्लरात यायला लागली. आमच्या सोप्या मशीनवर ती अजून धड खेळलीच नव्हती. पोरं तिचा नंबर लागूच द्यायची नाहीत.

मी पेटीचं मागचं दार लावत होतो तेव्हा ती आत आली.

“काय केलंत, भाऊ?”

“कठीण केलंय. सगळ्यांनाच.”

“सगळ्यांना ना? मग ठीक.” तिने काठी एकदा हलवून पाहिली. “मला सगळे बोलावतात, भाऊ. लग्नाला, बारशाला, दुकानाला. कुणी थांब म्हणत नाही. इथे मला कुणी बोलावलेलं नाही. माझी मी आले. आज मला हरून जायचंय नाहीतर जिंकून जायचंय. कुणी हाकललं म्हणून नाही जायचं.”

स्पर्धा सुरू झाली. शेजारच्या लूमची खडखड चालूच होती, त्यात विमानं पटापट पडायला लागली. पहिलं पोरगं रुपया खणकन आत पडण्याआधीच मेलं, असं मी आजही शपथेवर सांगतो. दुसरं, तिसरं, तसंच. कल्पेश आला, बाह्या सारल्या. त्याचं विमान शत्रूच्या पहिल्या मोठ्या जहाजापर्यंत पोचलं आणि फुटलं.

“मशीन खराब!” तो ओरडला. “मेकॅनिक, खोल!”

मी खोललं. सगळ्या वायरी जागेवर. सगळ्यांनी वाकून पाहिल्या. वायर काढली नाही याचं मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

मग मंगला. तिने पदर खोचला, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि रुपया टाकला. पुढे जे झालं ते मी गेली कित्येक वर्षं सांगतोय आणि दर वेळी विमानं वाढतात, म्हणून आकडे सांगत नाही. पहिलं जहाज गेलं. दुसरं गेलं. लूमवाले हातातलं काम सोडून दारात आले. तिचं शेवटचं विमान पडलं तेव्हा स्क्रीनवर कल्पेशच्या तिप्पट गुण होते.

टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणालाच कळेना. तिच्यासमोर टाळी म्हणजे टिंगल वाटेल, ही भीती. शेवटी तीच म्हणाली, “वाजवा की. टाळीचं मी काय भाडं घेते?”

तेव्हा वाजल्या. धनराजभाऊ बक्षिसाचा कप घेऊन पुढे आले. “पहिला नंबर, आपल्या मासीबा!”

“नाव दिलंय मी,” ती म्हणाली. “बाकीच्यांची नावं घेतलीत ना?”

धनराजभाऊंनी घसा खाकरला. “मंगला,” ते म्हणाले. कप दिला.

त्याच दिवशी दुकान बंद व्हायच्या आधी त्यांनी मला मशीन परत सोपं करायला लावलं. आठवड्यात कल्पेश पुन्हा चॅम्पियन झाला. मंगला येत राहिली. ती आली की निम्मी पोरं दुसऱ्या मशीनवर सरकायची. निम्मी राहायची. जग वगैरे काही बदललं नाही, पार्लरसुद्धा नाही. माझ्या कामातला धडा एवढाच, की सेटिंग कठीण करण्याआधी समोरचा कुठल्या सेटिंगवर शिकलाय ते विचारून घ्यावं.

त्या संध्याकाळी पेटी बंद करून मी बाहेर आलो, तर कल्पेश मान खाली घालून मंगलासमोर उभा. काहीतरी पुटपुटला आणि सायकल घेऊन गेला. मला वाटलं, मोठं जहाज कसं पाडायचं ते विचारलं असेल. शहाणा असता तर तेच विचारलं असतं.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“परीक्षा आहे म्हणे. आशीर्वाद मागत होता.”

“मग दिलात?”

मंगलाने कप काखेत धरला.

“म्हटलं, आज सुट्टी आहे.”