अंगाचं माप, कपड्याचं माप

शहापूर तालुक्यात, शेणव्याच्या अलीकडे आमचं गाव. तिथं भावाच्या घराच्या ओटीवर माझं शिलाई मशीन आहे. नवऱ्याचं घर सोडून परत आले तेव्हा बरोबर एवढंच आणलं होतं, आणि ते होतं म्हणूनच माझं दोन वेळचं जेवण कुणाच्या डोळ्यांवर आलं नाही. ब्लाऊज, परकर, पिको-फॉल, शाळेच्या पोरींचे गणवेश हे माझं काम. मी तुसडी आहे असं गिऱ्हाइकं म्हणतात. खरं आहे. पण ब्लाऊज अंगाला चापून बसायला हवा असला की त्यांना माझ्याकडेच यावं लागतं.

माझी चुलतबहीण माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. काकांचं घर आमच्या घराला लागून, अंगण एकच. ती शहापूरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. कॉलेजातून आली की जेवायच्या आधी माझ्या मशीनजवळ बसायची आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरायची. मोबाइलवर कोरियन मालिका. भाषा तिलाही कळत नव्हती आणि मलाही. आम्ही फक्त कपडे बघायचो. ती चित्र थांबवायची, दोन बोटांनी मोठं करायची आणि विचारायची, ताय, ही खांद्याची शिवण दंडावर कशी आली?

मला आधी तो सगळा प्रकार म्हणजे थोरल्या भावाचे कपडे घातल्यासारखा वाटला. सैल शर्ट, त्याहून सैल पँट, रंग म्हणाल तर एकही धड नाही. पिठाचा, राखेचा, दूध जास्त झालेल्या चहाचा. आमच्याकडे असल्या रंगाची साडी म्हाताऱ्या बायकांना घेतात. पण शिवण्याची माणसं आम्ही, चार दिवस बघितल्यावर माझ्या डोळ्याला त्यातलं कसब दिसायला लागलं. सैल कपडा सैल दिसत असला तरी तो गबाळा दिसू नये म्हणून कुठंतरी एक जागा नेमकी बसवलेली असते. कधी मनगट, कधी कॉलर, कधी पँटचा पट्टा. चापून शिवणं सोपं आहे हे मला पंधरा वर्षं शिवून तेव्हा कळलं.

विकत घ्यायची ऐपत नव्हती आणि तिचं म्हणणं असं, की घ्यायला लागतंय काय, सगळं घरातच आहे. आणि खरंच होतं. काकांच्या पेटीत लग्नांतून आहेर म्हणून आलेले पँटपीस पडून होते. आमच्याकडे पँटपीस एका लग्नात येतात आणि दुसऱ्या लग्नात जातात, शिवत कोणी नाही. त्यातल्या राखी पँटपीसची मी तिला पायघोळ पँट शिवली, पुढं दोन चुण्या घालून. काकांचा पांढरा शर्ट उसवून खांदा खाली आणला. तिच्या शाळेचं बिनबाह्यांचं निळं स्वेटर तिनं शर्टावरून चढवलं, तर ते थेट मोबाइलमधल्या पोरीसारखं दिसलं. शाळेच्या जुन्या स्कर्टच्या चुण्या मी वर्तमानपत्र घालून इस्त्रीनं पुन्हा बसवल्या आणि खाली लेगिंग घालून ती कॉलेजला गेली. बस स्टॉपवर एका बाईनं विचारलं, नापास झालीस काय, परत शाळेत चाललीस? ती घरी येऊन हसत हसत सांगत होती. एका रविवारी मैत्रिणीबरोबर तानशाच्या धरणावर जाऊन तिनं फोटो काढून घेतले. ते मी अजून बघते.

या सगळ्यामागं तिच्या मनात एक होतं. परीक्षा झाली की तिला कल्याणला कपड्यांचं डिझाइन शिकायला जायचं होतं. एक वर्षाचा कोर्स, येऊन-जाऊन करण्यासारखा. काकांना तिनं हळूहळू वळवत आणलं होतं. काका म्हणाले होते, बीकॉम पुरं कर, मग फॉर्म भरू. माझ्या काकांच्या तोंडून असं वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ती मला म्हणायची, मी शिकून येते, मग आपण दोघी शहापूरला दुकान टाकू, तू कापायचं आणि मी चित्र काढायचं. मी तिला वेडी म्हणायचे आणि मनात दुकानात मशीन कुठं ठेवायचं ते ठरवायचे.

आता माझी चूक सांगते.

माझ्याकडे मापांची वही आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. वर नाव, खाली सणावारी मापं, कारण बायका सणालाच शिवायला टाकतात. ब्लाऊज अंगाबरोबर असतो, त्यामुळे अंगाचं माप काय आणि कपड्याचं माप काय, मी एकच आकडा लिहायचे. तीच सवय. तिच्या सैल कपड्यांचेही मी कापलेलेच आकडे लिहीत गेले, म्हणजे पुढच्या वेळी तसाच कापता येईल. पोरगी आधी बिचकत होती, म्हणून गणपतीत शर्ट थोडाच सैल केला. मग तिची भीड चेपत गेली आणि दर वेळी म्हणायची, ताय, अजून दोन बोटं सोड. माझ्या वहीत तिच्या पानावर असं उतरलं: गणपतीच्या आधी, अंगाबरोबरच्या ड्रेसची, कंबर सव्वीस. गणपतीत अठ्ठावीस. दिवाळीत तीस. संक्रांतीला चौतीस. शिमग्याला अडतीस. छातीचा आकडाही तसाच चढत गेलेला.

तोपर्यंत गावात कुजबुज सुरू झाली होती, हे मला नंतर कळलं. चांगली अंगाबरोबरचे ड्रेस घालणारी पोरगी एकाएकी पोत्यासारखे कपडे का घालायला लागली, असं गिरणीवर कुणीतरी काकीला विचारलं. झाकण्यासारखं काय आहे, असंही विचारलं. काकी दळण उचलून घरी आली. दुसऱ्या दिवशी ती स्वतःचा ब्लाऊज न्यायला आमच्या ओटीवर आली, तेव्हा मी दोरा आणायला शेणव्याला गेले होते. वही मशीनवर होती. काकी चौथी शिकलेली. तिला आकडे चांगले वाचता येतात.

मला विचारलं असतं तर मी एका वाक्यात सांगितलं असतं. पण काकीनं विचारलं नाही. तिनं पोरीला सांगितलं, चल, मुरबाडला जाऊ, तुला कापड घेऊन देते. शहापूरला ओळखीची माणसं फार, म्हणून मुरबाड. पोरगी खूश. कापडाच्या दुकानात जायचं म्हणून तिनं आपला सगळ्यात चांगला जोड काढला, ती राखी पँट आणि गुडघ्यापर्यंतचा सैल शर्ट. अंगणातून मला ओरडून सांगून गेली, ताय, लिननसारखं मिळालं तर तुझ्यासाठी पण आणते.

संध्याकाळी परत आली ती सरळ माझ्याजवळ आली. हातात पिशवी नव्हती. खाली बसली आणि म्हणाली, "आईनं मला बायकांच्या डॉक्टरकडं नेलं. तपासून आणलं मला."

काही निघालं नव्हतं. निघणार काय, सव्वीस इंचांची कंबर ती. पण दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेल्या या दोघींना आमच्याच नात्यातल्या, मुरबाडजवळच्या धसईच्या एका बाईनं पाहिलं. आत डॉक्टरनं काय सांगितलं ते बाहेर ऐकू येत नाही. बिनलग्नाची पोरगी, सैल कपडे आणि बरोबर आई, एवढं तिला पुरलं. आठवड्याच्या आत बातमी गावात आली आणि आता तिला मुरबाडची साक्ष होती.

त्यानंतर काकी माझ्याकडे आली. वही उघडून तिनं एकेका आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे काय लिवलंस गो?"

मी सांगितलं. हे शर्टाचं माप आहे, अंगाचं नाही. टेप आणली, शर्ट आणला, तिच्यासमोर मोजून दाखवला, अडतीस. काकी त्या शर्टाच्या कडेवरून हात फिरवत होती. मग म्हणाली, असलं कुणाला विचारतात काय, कुठल्या तोंडानं विचारायचं होतं मी तुला? मी म्हटलं, अजून वेळ गेली नाही, काकांना खरं सांगू, गावाला सांगू. माझा आवाज चढला होता.

"गावात काय वही घेऊन फिरू?" काकी म्हणाली. "आणि तिला सांगू नको. आपल्या आईनं वहीवरून संशय घेतला हे तिला कळलं, तर ती माझं तोंड बघणार नाय."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. पोरीला कळलं असतं तर तिनं आधी वही कुणाची हे विचारलं असतं.

काकांनी पुन्हा फॉर्मचा विषय काढला नाही. त्यांना डॉक्टरचं माहीत होतं, पोरगी निर्दोष आहे हेही माहीत होतं, आणि तरी त्यांनी स्थळं बघायला सुरुवात केली. लवकर उरकलं की तोंडं बंद होतील असा त्यांचा हिशोब. धसईकडचंच एक घर मिळालं, मुलगा नोकरीला, माणसं बरी. परीक्षा लग्नानंतर दे म्हणाले. ती तिनं दिली नाही. मी काकांना एकदा अंगणात अडवलं आणि म्हटलं, एक वर्ष थांबा. ते म्हणाले, तुझं तू बघ आधी. नवऱ्याला सोडून आलेल्या बाईला आमच्याकडे कुणीही एवढ्या चार शब्दांत गप्प करू शकतं.

लग्नाचे ब्लाऊज मीच शिवले. माप घ्यायला ती आली तेव्हा मी टेप तिच्या कमरेभोवती फिरवली. पंचवीस भरली. वाळली होती पोरगी. मी विचारलं, थोडा सैल ठेवू का, उन्हाळा आहे, हळद आहे. ती म्हणाली, "एकदम फिट शीव, ताय. सगळ्यांना दिसू दे."

मी शिवला. मांडवात बायका तिच्या पोटाकडे बघत होत्या आणि ती ताठ उभी होती.

याला तीन वर्षं झाली. आता माझ्या वहीत दोन रकाने आहेत, अंगाचं माप एकात आणि कपड्याचं दुसऱ्यात, आणि दुसऱ्या रकान्यातले आकडे गावातल्या निम्म्या पोरींचे चढलेले आहेत. कारण आता सगळ्याच सैल शिवून मागतात. शहापूरच्या दुकानांत तशा पँटा बाहेर टांगलेल्या असतात. ज्या बाईनं गिरणीवर विचारलं होतं, तिच्या नातीला मी गेल्या महिन्यात तसलीच पायघोळ पँट शिवून दिली. ती बाई स्वतः सोबत आली होती आणि अजून सैल कर म्हणत होती. मला तिच्या अंगावर कात्री फेकावीशी वाटली. मी माप घेतलं.

परवा एका कामासाठी धसईला गेले होते. बाजारात भाजीच्या ओळीला लागून एकानं तयार कपडे मांडले होते आणि 'कोरियन पँट आली, कोरियन पँट' म्हणून ओरडत होता. तिथंच ती भेटली. सिंथेटिक साडी, डोक्यावर पदर, हातात वांग्यांची पिशवी. सासू पुढं टोमॅटोचा भाव करत होती. तिनं टांगलेल्या पँटांकडे एकदाही पाहिलं नाही. मी कोर्सचं विचारणार होते, मग विचारलं नाही. घरचे कसे आहेत विचारलं. बरे आहेत म्हणाली. मग मला म्हणाली, आता दोन पोरांनंतर कंबर खरंच वाढली, आणि हसली. ते हसू मला बघवेना.

मी ठरवलं, आज सांगायचं. तीन वर्षं हे पोटात घेऊन मी मशीन चालवते आहे. म्हटलं, तुला एक सांगायचंय, त्या वेळचं.

तिनं माझा हात धरला. म्हणाली, "नको काढू ते. आईनं संशय घेतला, बाबांनी घेतला, सगळ्या गावानं घेतला. तू एकटीच नाय घेतलास. तुझ्याकडं माझं माप होतं, तुला ठाव होतं. तेवढं धरूनच मी इथं राहिले."

सासूनं हाक मारली. माझी मुरबाडची बस लागली होती. मी तिला म्हटलं, हो, मला ठाऊक होतं, आणि बसमध्ये जाऊन बसले.