चाचांचं कार्ड

माझं तोंड नको तिथे चालतं आणि हवं तिथे नेमकं मिटतं. वरवे गावात तेच झालं.

तेव्हा घरोघरी मोबाईल आले नव्हते. भोर भागातल्या एका दूधसंस्थेने आपल्या केंद्रांवर कॉम्प्युटर बसवले होते. वरव्याला दूध तपासलं की त्याची नोंद फोनच्या तारेवरून भोरच्या कचेरीत जायची. इतक्या गावांतल्या यंत्रांवर कुणीही उठून काहीही लिहू नये म्हणून प्रत्येक केंद्रप्रमुखाला चिप असलेलं स्मार्टकार्ड दिलं होतं. कार्ड यंत्रात घालायचं, गुप्त आकडा दाबायचा, मगच नोंद. हा सगळा प्रोग्राम माझा, आणि त्याचा मला भारी माज होता.

वरव्याचे केंद्रप्रमुख वयस्कर मुसलमान गृहस्थ होते, सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. कार्ड देताना मी त्यांना दरडावलं होतं, "चाचा, याला पाणी लागलं तर कामातून गेलं समजा. नवीन मिळायला महिना जाईल."

चाचांनी ते मनावर घेतलं. दूध घेताना हात कायम ओले आणि पुढे कॅनची ही रांग. मग त्यांनी आपली रीत बसवली. केंद्र उघडल्यावर कोरड्या हातांनी कार्ड आत घालायचं, आकडा दाबायचा, आणि कुलूप लावताना बाहेर काढायचं. कार्ड आत असेपर्यंत यंत्र उघडंच राहायचं. मी एकदा ते पाहिलं आणि हसत म्हणाले, "अहो चाचा, जागेवरून उठताना तरी काढत जा."

"बाई, तुमीच सांगितलं न्हवं का, भिजू द्यायचं न्हाई म्हणून?"

मला पुण्याची एसटी गाठायची होती, मी विषय सोडला. थोडा वेळ काम झालं नाही तर यंत्र आपोआप बंद होईल, अशी सोय करायला मला एक दुपार पुरली असती. आज करते, उद्या करते म्हणत राहून गेलं.

एका संध्याकाळी चाचा कार्ड आतच ठेवून मगरिबच्या नमाजाला गेले असताना कुणाचं तरी पाणी घातलेलं, नासकं दूध 'चांगलं' म्हणून यंत्रावर चढवलं गेलं. ते टँकरमध्ये मिसळलं आणि अख्खा टँकर ओतून द्यावा लागला. नोंदीत नाव आलं चाचांचं.

चौकशीला मला बोलावलं. चाचा समोरच टोपी मांडीवर घेऊन बसले होते. अध्यक्षांनी विचारलं, "बाई, यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ही नोंद करता येईल का?"

वेल्ह्याच्या केंद्रांचं काम मला मिळायचं होतं, त्याच आठवड्यात. मी म्हणाले, "नाही. कार्ड यांचं, आणि आकडाही यांना एकट्यालाच ठाऊक."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी आणखी काही बोलेन म्हणून ते थांबले असावेत. मी कागद चाळत बसले. मग ते म्हणाले, "बाईंस्नी यातलं जास्त कळतं." एवढंच. संस्थेने त्यांना काढून टाकलं. वेल्ह्याचं काम मला मिळालं आणि मी ते घेतलं. माझ्या निर्लज्जपणाला तोड नव्हती.

चार-पाच वर्षांनी मी त्यांचं घर विचारत गेले. काय बोलायचं ते वाटेत घोकलं होतं. दार त्यांच्या बायकोने उघडलं. चाचा आदल्या साली वारले होते. तिने मला बसायला पाट दिला, चहा टाकला.

"तुमी कुठल्या?"

"संस्थेच्या कामाला यायचे पूर्वी."

तिने चहा गाळून कप पुढे ठेवला. मग म्हणाली, "बाई, तुमाला ठावं असंल. गाव म्हणतं त्यांनी दूध चोरून चढवलं. मला म्हणायचे, म्या न्हाई केलं. पर मशिन खोटं बोलत न्हाई म्हणत्यात सगळे. इतकी वर्सं संसार केला, तरी मनात येतंय. खरंच त्यांनीच केलं आसंल का वो?"

एका वाक्याचं काम होतं.

मी म्हणाले, "मला नाही माहीत," आणि चहा संपवून उठले.