डावं दार

आगरदांड्याच्या जेट्टीवर तो रोज सकाळी जुनी निळी पिकअप घेऊन फेरीबोटीच्या रांगेत लागायचा. खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेला पत्रा त्यानं स्वतः कापून नवा जोडला होता, इंजिनही उघडून सुधारलं होतं. फक्त डावं दार बाहेरून उघडत नसे. मासळीची पाटी मागे ठेवून बायको दारापाशी आली, की तो सीटवर आडवा होऊन ते आतून उघडायचा.

एकदा रांगेत त्याच्या मागे खोळंबून मी वैतागून विचारलं, "एवढं सगळं केलंत, मग एक हँडल बसवायला काय होतं?"

"हाय ना, नवं कोरं घरात पडलंय," तो हसला. "पन ते लावलं, तर ती माझ्यासाठी थांबंल का?"

गणपतीनंतर त्याची बायको गेल्याचं जेट्टीवर कळलं. महिन्याभरानं पिकअप पुन्हा रांगेत दिसली. डाव्या दाराला चकचकीत हँडल होतं.