नोएलियाबाईंचा लंबदुभाजक
दोन वस्त्यांना मिळून एकच दवाखाना मिळणार असेल, तर तो कुठे बांधाल तुम्ही?

कोलंबियातल्या मेदेयिन शहराच्या डोंगरउतारावर नववीला भूमिती शिकवणाऱ्या नोएलिया किसेनोबाईंना नगरपालिकेने हेच विचारलं. बाई हरखल्या. त्यांनी नकाशावर वरच्या आणि खालच्या वस्तीचे चौक रेघेने जोडले, कंपासने कंस मारले आणि लंबदुभाजक काढला. त्यावरचा प्रत्येक बिंदू दोन्ही चौकांपासून सारख्याच अंतरावर. तो खालच्या सपाट रस्त्याला जिथे छेदत होता तिथे खूण करून त्यांनी सही ठोकली.

दवाखाना तिथेच झाला. उद्घाटनाला वरच्या वस्तीतल्या उबाल्दिना आजी काठी टेकत आल्या.

"बाई, मोजलंत तरी काय?"

"आजी, चारशे मीटर. दोघांनाही चारशेच."

"मीटर तुमच्या वहीत! इथं अंतर पायऱ्यांत मोजतात, शेंबडं पोरही सांगेल. मला परत चढायला तीनशे बारा, तुमच्या आळीला एकही नाही. बरोबर आहे, तुम्ही खालच्याच ना!"

बाई तडक नगरपालिकेत गेल्या आणि जागा चुकली म्हणाल्या. तिथल्या साहेबाने खुर्चीतून मान वर केली.

"आकृती चुकली का?"

"नाही."

"सही तुमचीच?"

"माझीच."

"मग आता काय, भिंती उचलून नेऊ?"

बाई परतल्या. आता दर मंगळवारी त्या आजींना हाताला धरून घरी चढवतात आणि वाटभर आजींच्या शिव्या खातात.

तुमच्याकडे असा नकाशा सहीला आला, तर कृपा करून आधी ती वाट एकदा स्वतः चढून या.