आयसीयूतली उभी माणसं

आम्ही जुने आयसीयूवाले दोघं जरी भेटलो तरी चहा गार होतो. किस्से संपतच नाहीत! मी बेळगावातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. एकोणीसशे ऐंशीनंतरची ती वर्षं. तेव्हा आयसीयूतला पेशंट म्हणजे पडूनच राहणार, असा सगळ्यांचा समज. आणि मी त्यांना धरून उभं करायचो! पडून पडून पायातलं बळ जातं, हे सांगून माझा घसा बसला.

अनगोळची एक आक्का तर माझ्या अंगावरच आली. "काय रं, माणूस मरायला टेकलाय आणि उभा कसला करतोस?" तरी केला नवऱ्याला उभा. आक्कानं त्याला खालून वर बघितलं आणि हळूच म्हणाली, "उंच हाईत की अजून!"

*

कंग्राळीचा एक पैलवान होता. उभं करताना आम्ही पेशंटच्या कमरेला रुंद पट्टा बांधतो, तो धरून आधार देतो. मी पट्ट्याला हात घातला, आणि गड्यानं माझी मानच दाबली की हो! महिनाभर तापात पडलेला माणूस!

"अहो पैलवान, सोडा!"

"कमरंला हात आला की आपसूक होतंय वो," म्हणाला आणि लाजला. मान दोन दिवस दुखली, पण मला लई आनंद झाला.

*

खडेबाजारातले टेलर अण्णा. पंधरा दिवस त्यांना आमची नुसती तोंडं दिसत होती. पहिल्यांदा उभं केलं तेव्हा नेमके मोठे डॉक्टर समोर. अण्णा थरथरत त्यांच्याकडं बघत राहिले. आम्हाला वाटलं, आता हात जोडणार.

"डॉक्टर, पँट कुणी शिवली? डावा पाय आखूड हाय!"

*

आणि निपाणीची शांता. तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. पायापासून लुळेपणा वर चढत गेला, श्वासाला मशीन लागलं. पुढं मशीन सुटलं, पायातही जोर येत होता, पण उभं राहायचं म्हटलं की एकच, "न्हाय वो, मी आता अशीच." घरी तीन वर्षांची लेक. तिचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड करायची. मला रडू यायचं, खोटं कशाला बोलू!

एक दिवस तिचे सासरे दारात आले. शांताच्या अंगात दवाखान्याचा गाऊन, डोक्यावर घ्यायला पदर कुठला? तिनं चादरच डोक्यावर ओढली आणि पाय खाली सोडायला धडपडली. सासरे समोर असताना सून पडून कशी राहील!

मी म्हाताऱ्याला बाहेर गाठलं. "आप्पा, दिवसातनं चार वेळा येऊन दारात उभं राहायचं."

"तिला तरास व्हतोय की वो!"

"व्हऊ दे!"

बिचारे यायचे, उभे राहायचे, मान खाली घालून जायचे. सहाव्या दिवशी ते आले तशी शांतानं पाय जमिनीवर टेकले. एका बाजूनं सिस्टरनं धरलं, एका बाजूनं मी. गुडघे लटपटले, मग ताठ झाले. उभी राहिली!

दारात आप्पांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला आणि मटकन खालीच बसले.

शांता ओरडली, "अवो, मला सोडा! आदी आमच्या मामंजीस्नी धरा!"