उभ्या गाडीचा वेग

जनार्दनशेठनी फोन माझ्यापुढे धरला. मेसेज होता: ओव्हरस्पीड, ६२. पाठवणाऱ्याचं नाव: संकेत.

"पोरगा जाऊन दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "आनि गाडी तर उभी हाय."

गाडी उभीच होती. काल्हेरच्या त्यांच्या रिकाम्या गोडाऊनमध्ये, पत्र्याखाली, शटर ओढलेलं. किल्ली शेठच्या बायकोच्या कनवटीला. भर दुपार होती.

ट्रकवर जीपीएस बसवणं हे आमचं काम. शेठची मुलगी तेजल अठराची झाली, लायसन्स आलं, गाडीने कल्याणच्या कॉलेजला जाऊ लागली. थोरला संकेत बाइकच्या अपघातात गेला होता, म्हणून तिच्या गाडीत शेठनी आमचं यंत्र बसवून घेतलं. वेग साठच्या वर गेला की यंत्रातलं सिम वडिलांना मेसेज करतं. इतकंच.

सिम पार्टीने, म्हणजे गिऱ्हाइकाने द्यायचं, ही आमची पद्धत. शेठनी संकेतचं दिलं. नंबर बंद पडू नये म्हणून ते दोन वर्षं रिचार्ज करत होते. फोनमधलं नाव त्यांनी का बदललं नाही, हे मी विचारलं नाही. माझी पत्नी जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

नावाचा उलगडा झाला. वेगाचा होईना. तेजलच्या आईचं मत पक्कं होतं, दादा बहिणीला अडवतोय. मेसेज सुरू झाल्यापासून आठवडाभर तिने किल्ली दिली नव्हती.

"काका, मशीन बिघडलंय ना?" तेजल हळूच म्हणाली. "नायतर आई मला परत गाडीला हात लावू देनार न्हाय."

आईने गाडीचं दार उघडून दिलं आणि किल्ली पुन्हा कनवटीला खोचली. मी डॅशबोर्डखाली हात घातला. गाडीत एकही दिवा लागलेला नव्हता. तेवढ्यात शेठच्या हातातला फोन वाजला. संकेत, ७१.

मी हात बाहेर काढला. पुन्हा आत घालायला जरा वेळ लागला.

चूक सापडली ती माझीच. यंत्राची एक वायर किल्लीच्या लाइनला जोडायची असते, म्हणजे किल्ली फिरवल्याशिवाय वेग मोजला जात नाही. ट्रकमालक ती थेट बॅटरीला जोडून घेतात, ड्रायव्हरवर चोवीस तास नजर राहावी म्हणून. हाताला तीच सवय. त्यात वर पत्रा. त्यावर आपटून उपग्रहाचे सिग्नल वेडेवाकडे येतात आणि यंत्राला वाटतं, गाडी पळते आहे.

वायर बदलली. तासभर सगळे तिथेच थांबलो. फोन वाजला नाही.

"म्हंजे आता त्याचा मेसेज न्हाय येनार?" आईने विचारलं.

"येईल. तेजल साठच्या वर गेली तर."

ती मुलीकडे वळली. मग कनवटीची किल्ली काढून तिच्या हातात दिली. "हलू चालव. त्याला तरास देऊ नको."

शेठना मी नवं सिम सुचवलं. ते नको म्हणाले.

तेजलने त्याच गाडीतून कॉलेज पूर्ण केलं. मेसेज एकदाही आला नाही, असं शेठनी नंतर सांगितलं. सांगताना ते खूश होते, असं मला म्हणता येणार नाही.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळल्या. किल्लीची वायर दोनदा तपासायची. आणि सिम घेताना विचारायचं, हा नंबर आधी कोणाचा होता.